लॉग भरपूर, उत्तर नाही: वेब ॲपमधल्या घटना नोंदवण्याची आणि तपासण्याची क्रमवार पद्धत

नाशिकमधल्या छोट्या टीमचं ॲप तपासायला घेतलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. सर्व्हरवर कित्येक जीबी लॉग (ॲपने स्वतः लिहिलेल्या घटनांच्या नोंदी) पडलेले असतात. पण 'काल या शेतकऱ्याच्या खात्यात दोनदा पैसे का गेले?' असं विचारलं की टीमचा सगळा दिवस ग्रेप मारण्यात (फाइलमध्ये शब्द शोधण्यात) जातो आणि शेवटी अंदाजच सांगितला जातो. असं होतं कारण कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी डॅशबोर्ड (आकडे-आलेखांचा पडदा) बसवतात, मग लॉग त्यात ओततात आणि प्रश्न अगदी शेवटी आठवतात. खाली तो क्रम सुलटा लावला आहे.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो: लासलगाव-निफाड भागातल्या कांदा व्यापाऱ्याचं वेब ॲप. गाडीची आवक, लिलावातला भाव, काट्यावरचं वजन, हिशोबपट्टी (मालाच्या हिशोबाचा कागद, पुढे नुसती 'पट्टी') आणि शेतकऱ्याला पैसे हे त्याचे पाच टप्पे. तुमचं ॲप लॉजच्या बुकिंगचं असेल किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्याच्या स्टोअरचं असेल, पद्धत तीच राहते.

## टप्पा १: कोडला हात लावण्याआधी प्रश्न लिहा

एक कागद घ्या. ॲप वापरणारा कारकून, मालक आणि तक्रारी घेणारा माणूस, या तिघांना विचारा की गेल्या 3 महिन्यांत कोणत्या प्रश्नाचं उत्तर पटकन मिळालं नाही. त्यांच्याच शब्दांत लिहा. उदाहरणार्थ:

- ही पट्टी कुणी बदलली, आधी वजन किती होतं?
- गाडीचं वजन झालं, मग पट्टी का निघाली नाही?
- सकाळी 10 च्या सुमारास ॲप अडकतं ते सगळ्यांना की एकाच खळ्यावर (कांदा उतरवायच्या जागेवर)?
- बँकेकडे पैसे पाठवले, पुढे काय झालं?

असे 10 ते 15 प्रश्न पुरतात. हाच कागद पुढे कसोटी म्हणून वापरायचा आहे, तो फेकू नका.

प्रश्न लिहून झाले की त्यांचे दोन गट पाडा. 'कुणी बदललं, किती होतं, पैसे गेले का' हे व्यवहाराचे प्रश्न. त्यांच्या नोंदी एकही न गळता, वर्षानुवर्षं टिकायला हव्यात. 'का अडकलं, कुठे वेळ गेला' हे दुरुस्तीचे प्रश्न. त्यांच्या नोंदी काही आठवडे ते काही महिने राहिल्या तरी भागतं आणि त्यातली एखादी ओळ हरवली तर आभाळ कोसळत नाही. पहिला गट डेटाबेसच्या टेबलात जाईल, दुसरा लॉगच्या फाइलमध्ये किंवा लॉग साठवणाऱ्या सेवेत. दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण डिस्क भरली म्हणून कुणीतरी जुन्या फाइल उडवतो आणि त्यात व्यवहाराचा पुरावाही जातो.

## टप्पा २: घटनांची नावं ठरवा

'पेमेंट झाले', 'पेमेंट सक्सेस', 'पैसे गेले' अशी तीन जणांनी लिहिलेली तीन वाक्यं एकाच घटनेची असतात आणि मोजताना तिन्ही वेगळी मोजली जातात. म्हणून वाक्य लिहू नका, घटनेला नाव द्या: आधी वस्तू, मग घडलेली क्रिया.

- गाडी.आवक_नोंदली
- लिलाव.भाव_ठरला
- काटा.वजन_झाले
- पट्टी.तयार, पट्टी.बदलली, पट्टी.रद्द
- पैसे.मागणी_पाठवली, पैसे.बँकेने_स्वीकारले, पैसे.नाकारले, पैसे.उत्तर_अनिश्चित

नावं कोडमध्ये रोमन लिपीत असली तरी हरकत नाही, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत दिली आहेत. ती एकाच फाइलमध्ये स्थिरांक म्हणून ठेवा आणि जो कुणी नवीन घटना घालेल त्याने तिथेच एका ओळीत तिचा अर्थ लिहावा.

घटनेच्या नावात बदलती माहिती घालू नका. 'पट्टी_3018_तयार' असं नाव ठेवलं तर प्रत्येक पट्टीसाठी नवी घटना तयार होते आणि मोजणी संपलीच. क्रमांकासाठी वेगळा रकाना असतो.

## टप्पा ३: एका नोंदीत काय काय हवं

एक नोंद म्हणजे एक ओळ, आणि ती जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या) स्वरूपात. रकाने पाडून खाली मांडतो:

घटना: पट्टी.तयार
घटना_आयडी: 90417733
आवृत्ती: 2
घडली: 2026-01-14 10:42:07.318 +05:30
पोचली: 2026-01-14 10:42:07.951 +05:30
रिक्वेस्ट: 55810264
गाडी: 5521
पट्टी: 3018
कोण: कारकून-7
खळे: 2
वजन_किलो: 2340
भाव_क्विंटल: 1850
रक्कम_पैसे: 4329000
लागले_मिलिसेकंद: 140

यातले तीन रकाने लोक हमखास विसरतात.

पहिला रिक्वेस्ट आयडी. विनंती सर्व्हरवर आली की लगेच एक आयडी तयार करा आणि त्या विनंतीतून निघणाऱ्या प्रत्येक ओळीत, पुढच्या सेवेला केलेल्या कॉलच्या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या माहितीत) आणि बॅकग्राउंड जॉबमध्येही (मागे चालणाऱ्या कामातही) तोच न्या. कॉलसाठी 'ट्रेसपॅरेंट' हे ठरलेलं हेडर वापरलं तर ओपनटेलिमेट्रीसारखी माग काढणारी साधनं ते स्वतःहून ओळखतात. बॅकग्राउंड जॉबमध्ये हा धागा सर्वांत जास्त वेळा तुटतो, कारण रांगेत टाकताना आयडी सोबत द्यायचा राहतो. शिवाय चूक आल्यावर हाच क्रमांक पडद्यावरही दाखवा. कारकून फोनवर तो वाचून दाखवतो आणि तुमचा अर्धा तास वाचतो.

दुसरा, व्यवसायाचा धागा. रिक्वेस्ट आयडी एका क्लिकपुरता असतो. गाडी आवकेपासून पैशांपर्यंत जाते ती कित्येक क्लिकमधून, कधी दोन दिवसांत. म्हणून गाडीचा क्रमांक पाचही टप्प्यांच्या नोंदीत हवा. पट्टीच्या नोंदीत फक्त पट्टी क्रमांक आणि काट्याच्या नोंदीत फक्त गाडी क्रमांक असेल, तर नंतर दोन्ही जोडताना घाम फुटतो.

तिसरा, रक्कम पूर्णांकात. रुपये दशांशात लिहून बेरीज केली की पैशांचा फरक येतो आणि तो फरक शोधण्यात वेळ जातो. पैशांत लिहा.

तपासणी: कोणतीही एक ओळ उचला आणि ॲप न पाहिलेल्या सहकाऱ्याला द्या. कोणी, कशाचं, केव्हा, काय केलं हे त्याला फक्त ओळीवरून सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ४: वेळेचा घोळ आधीच मिटवा

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), डेटाबेस भारतीय वेळेवर आणि कारकुनाचा फोन स्वतःच्या मर्जीवर, अशी परिस्थिती सर्रास असते. साठवताना यूटीसी वापरा किंवा भारतीय वेळ वापरा, पण +05:30 सारखा फरक लिहिल्याशिवाय वेळ कधीच लिहू नका. सर्व्हरची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेली आहेत का तेही आजच बघा. दोन सर्व्हरमध्ये 3 सेकंदांचा फरक असला तरी लॉगमध्ये परिणाम आधी आणि कारण नंतर दिसतं.

खरा फटका रोजच्या मोजणीत बसतो. ट्रॅक्टर उजाडण्याआधीच रांगेत लागतात. पहाटे 4:45 ला नोंदलेली आवक यूटीसीमध्ये आदल्या दिवशीच्या रात्री 11:15 ची होते. तारखेने गट पाडून मोजलं तर पहाटेच्या सगळ्या गाड्या कालच्या खात्यात जातात आणि मालक म्हणतो तुमचा रिपोर्ट खोटा आहे. म्हणून 'दिवस' काढण्याआधी वेळ भारतीय वेळेत बदला, मग तारीख काढा.

खळ्यावर नेटवर्क जातं. फोनवर नोंद होते आणि तासाभराने सर्व्हरवर पोचते. म्हणूनच वर 'घडली' आणि 'पोचली' असे दोन रकाने दिले आहेत. घडल्याची वेळ फोनची, पोचल्याची वेळ सर्व्हरची. धंद्याचे आकडे घडल्याच्या वेळेवर काढा, तांत्रिक तपास पोचल्याच्या वेळेवर करा. दोन्हींत काही तासांचा फरक दिसला तर एकतर नेटवर्क गेलं होतं किंवा फोनचं घड्याळ चुकलं आहे.

सावधान: नेटवर्क परत आलं की फोन तीच नोंद दोनदा पाठवू शकतो. घटना_आयडी फोनवरच, नोंद तयार होतानाच बनवा आणि सर्व्हरवर त्यावर युनिक बंधन (तोच आयडी दुसऱ्यांदा नाकारणारं) घाला. आयडी सर्व्हरवर बनवला तर दोन प्रती दोन वेगळ्या घटना म्हणून मिरवतील.

## टप्पा ५: नोंद नेमकी कोणत्या क्षणी लिहायची

इथे जरा थांबा. ज्यांचे लॉग नीटनेटके दिसतात त्यांचंही इथेच चुकतं.

समजा कोड असा आहे: पट्टी टेबलात घाला, 'पट्टी.तयार' लॉग करा, मग शेतकऱ्याची बाकी बदला, मग कमिट (बदल पक्के करणं). बाकी बदलताना चूक झाली आणि सगळं रोलबॅक झालं, म्हणजे मागे फिरलं. टेबलात पट्टी नाही, पण लॉगमध्ये 'पट्टी.तयार' आहे. लॉग खोटं बोलला. उलट बाजूने, कमिट झाल्यावर लॉग लिहायचा म्हटलं आणि मधल्या क्षणी प्रोसेस मेली, तर पट्टी आहे पण नोंद नाही.

व्यवहाराच्या नोंदींसाठी उपाय एकच: घटनेची ओळ त्याच डेटाबेसच्या घटना-टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील किंवा एकही नाही अशा गठ्ठ्यात) घाला. पट्टी राहिली तर नोंद राहील, पट्टी गेली तर नोंद जाईल. नंतर एक वेगळा जॉब त्या टेबलातून ओळी उचलून लॉग व्यवस्थेकडे पाठवेल. या टेबलावर ॲपच्या युजरला फक्त ओळ घालण्याचा आणि वाचण्याचा हक्क द्या, बदलण्याचा किंवा पुसण्याचा नको. ओळ पाठवली की नाही याची खूण त्या जॉबने वेगळ्या टेबलात ठेवावी.

बँकेचा कॉल मात्र ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही. तिथे दोन नोंदी लागतात: कॉलच्या आधी 'मागणी_पाठवली' कमिट करा, उत्तर आल्यावर स्वीकारले किंवा नाकारले. आणि टाइमआउट झाला तर? टाइमआउट म्हणजे नकार नव्हे. पैसे गेले असतील किंवा नसतील, आपल्याला माहीत नाही एवढंच.

मी एका ॲपमध्ये टाइमआउटला 'पेमेंट फेल' असं लिहिलं होतं. पडद्यावरही तेच दिसलं. कारकुनाने पुन्हा बटण दाबलं आणि एका शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम दोनदा जमा झाली. ती परत मागायला व्यापाऱ्याला त्याच्या घरी जावं लागलं. लॉगमधला एक चुकीचा शब्द माणसांच्या व्यवहारात शिरला होता. तेव्हापासून 'उत्तर_अनिश्चित' ही वेगळी घटना ठेवतो. ती आली की बटण बंद होतं आणि बँकेकडून स्थिती विचारून झाल्याशिवाय उघडत नाही. सोबत प्रत्येक मागणीला स्वतःचा न बदलणारा क्रमांक द्या आणि पुन्हा पाठवताना तोच वापरा. पलीकडच्या सेवेत ही सोय असेल तर दुसरी मागणी ती स्वतःच ओळखते.

तपासणी: चाचणी सर्व्हरवर कमिटच्या आधी मुद्दाम चूक टाका. घटना-टेबलात ओळ राहिली तर तुमची नोंद ट्रान्झॅक्शनच्या बाहेर आहे.

## टप्पा ६: काय लिहायचं नाही

पासवर्ड, ओटीपी, टोकन (लॉग-इनची डिजिटल किल्ली), आधार क्रमांक आणि पूर्ण बँक खाते क्रमांक यातलं काहीही लॉगमध्ये जाऊ नये. खात्याचे शेवटचे 4 अंक पुरतात. शेतकऱ्याच्या नावाऐवजी त्याचा अंतर्गत क्रमांक लिहा. लॉग वाचणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे मोबाइल नंबर दिसायचं कारण नाही, आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लॉगमध्ये साचलेल्या माहितीलाही लागू होतो हे ध्यानात ठेवा.

'हे हे रकाने झाका' अशी यादी करू नका, 'फक्त हे हे रकाने लिहा' अशी करा. झाकायच्या यादीत नवीन रकाना घालायला माणूस विसरतो. लिहायच्या यादीत विसरला तर फार तर माहिती कमी पडते.

गळती बहुधा मागच्या दाराने होते. चूक आल्यावर एचटीटीपी लायब्ररीचा पूर्ण एरर ऑब्जेक्ट छापला की त्यात टोकन असलेलं ऑथोरायझेशन हेडर येतं. पानाच्या पत्त्यातच (यूआरएलमध्ये) टोकन असेल तर ते एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये जाऊन बसतं.

युजरने टाइप केलेला मजकूर ओळीत थेट जोडू नका. त्यात नवी ओळ घालून कुणी खोटी नोंद तयार करू शकतो. जेसन लायब्ररीतून लिहिलं तर नव्या ओळीचं चिन्ह निष्प्रभ होतं. लॉगमध्ये आलेला मजकूर किती घातक ठरू शकतो ते डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीच्या दोषाने दाखवून दिलं: लॉगमध्ये ठरावीक रचनेची ओळ आली की सर्व्हर बाहेरचा कोड चालवत होता. लॉगची लायब्ररीही वेळेवर अपडेट करत राहा.

## टप्पा ७: लेव्हल

लेव्हल म्हणजे ओळीचं गांभीर्य. यावर फार वाद घालत बसू नका. 'एरर' म्हणजे कुणीतरी उठून काहीतरी करायला हवं. 'वॉर्निंग' म्हणजे या आठवड्यात बघा. 'इन्फो' म्हणजे टप्पा २ मधल्या घटना. 'डीबग' (बारीकसारीक तपासाच्या ओळी) प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, बंद, पण डिप्लॉय न करता (नवा कोड न चढवता) चालू करता येईल असा. शेतकऱ्याने चुकीचा ओटीपी टाकला तर तो एरर नाही. तीच चूक खालच्या फंक्शनने लिहिली, मधल्याने लिहिली आणि वरच्यानेही लिहिली असंही नको. जिथे ती हाताळली जाते तिथेच एकदा लिहा.

## टप्पा ८: साठवण, डिस्क आणि मुदत

आधी गणित करा. एक ओळ 500 बाइटची, एका विनंतीला 20 ओळी, दिवसाला 1 लाख विनंत्या, म्हणजे रोज सुमारे 1 जीबी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत आयसीटी (माहिती व संपर्क तंत्रज्ञान) यंत्रणांचे लॉग मागच्या 180 दिवसांचे ठेवायला सांगितले आहेत. म्हणजे कॉम्प्रेस करण्याआधी 180 जीबी. आकडा जड वाटत असेल तर मुदत कमी करू नका, ओळी कमी करा. 20 पैकी निम्म्या ओळी 'फंक्शन सुरू', 'फंक्शन संपले' अशा असतात.

लॉगला वेगळं पार्टिशन द्या, म्हणजे लॉगने जागा खाल्ली तरी डेटाबेस बंद पडणार नाही. लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइल बाजूला काढणारं साधन) बसवलं की दोन गोष्टी पाहा. 'कॉपीट्रंकेट' वापरलं तर नक्कल आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणातल्या ओळी हरवू शकतात. ते न वापरता फाइलचं नाव बदललं, तर प्रोसेसला नवीन फाइल उघडायचा इशारा द्यावा लागतो, नाहीतर ती जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते. ती जुनी फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. डीएफ (डिस्कची वापरलेली जागा सांगणारी आज्ञा) म्हणतं डिस्क भरली, डीयूला (फाइलींची जागा मोजणाऱ्या आज्ञेला) फाइल सापडत नाही, हे त्याचं लक्षण.

सावधान: डॉकरचा (ॲप कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाचा) मूळचा जेसन-फाइल ड्रायव्हर स्वतःहून रोटेट करत नाही. कमाल आकार आणि फाइलची संख्या तुम्हालाच द्यावी लागते.

साधनांबद्दल थोडक्यात: एकच सर्व्हर असेल तर फाइल आणि जेक्यू (जेसन चाळणारी आज्ञा) पुरतं. दोन-तीन झाले की ग्राफाना लोकी (लॉग एका जागी साठवणारी व्यवस्था). पूर्ण मजकुरात शोध घ्यायचा असेल तर इलॅस्टिकसर्च, पण ते सांभाळायला माणूस हवा. लोकीत गाडी क्रमांक किंवा रिक्वेस्ट आयडी लेबल म्हणून देऊ नका. प्रत्येक नव्या मूल्याला नवा प्रवाह तयार होतो आणि ते गुदमरतं. लेबलला सेवा, सर्व्हर आणि लेव्हल एवढंच ठेवा.

## टप्पा ९: विश्लेषण, याच क्रमाने

एक. मोजणी जुळवा. कालच्या दिवसाच्या पट्टी.तयार घटना किती आणि पट्टीच्या टेबलात ओळी किती? 412 आणि 409 असा फरक दिसला तर पुढे जाऊ नका. ते 3 क्रमांक शोधा. एकतर नोंद ट्रान्झॅक्शनच्या बाहेर लिहिली जाते, नाहीतर कुणीतरी थेट डेटाबेसमधून ओळी काढल्या आहेत. न जुळलेल्या आकड्यांवर काढलेला आलेख म्हणजे रंगीत चूक.

दोन. एका गाडीची पूर्ण कथा काढा. गाडी 5521 च्या सगळ्या घटना घडल्याच्या वेळेनुसार लावा. मधे कुठे खड्डा दिसला तर कोडमध्ये तिथे नोंद घाला. अशा 5 गाड्या घ्या: 2 सुरळीत गेलेल्या, 2 तक्रारीच्या आणि 1 रद्द झालेली.

तीन. अडकलेले शोधा. 'वजन_झाले आहे, पण 2 तासांत पट्टी.तयार नाही' ही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) रोज संध्याकाळी चालवा. माझ्या अनुभवात एरर मोजण्यापेक्षा ही क्वेरी जास्त कामाची आहे. एरर आला की माणूस ओरडतो. न घडलेली घटना मात्र गुपचूप राहते आणि आठ दिवसांनी शेतकरी विचारायला येतो तेव्हा कळते.

चार. मग वेग बघा. सरासरी घेऊ नका. 10 पट्ट्यांपैकी 9 ना 20 सेकंद आणि एकीला 10 मिनिटं लागली तर सरासरी 78 सेकंद येते, आणि तसा अनुभव एकालाही आलेला नसतो. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि 95 वा शतमक (100 पैकी 95 वेळा ज्याच्या आत काम झालं तो आकडा) बघा, तेही खळ्यानुसार आणि तासानुसार वेगळे करून. 'सकाळी 10 ला अडकतं' या तक्रारीचं उत्तर इथे सापडतं. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये त्याच वेळी 499 हा कोड वाढलेला दिसला, तर सर्व्हरने उत्तर देण्याआधी पलीकडून जोडणी तुटली आहे. बहुतेकदा वाट बघून कंटाळलेल्या माणसाने पान बंद केलेलं असतं.

ओळी फार झाल्या म्हणून नमुना घ्यायचा असेल तर रिक्वेस्ट आयडीवरून घ्या: आयडी निवडला की त्याच्या सगळ्या ओळी ठेवा, नाही तर एकही नको. ओळीगणिक नाणेफेक केली तर प्रत्येक कथा अर्धवट राहते. एरर आणि व्यवहाराच्या घटनांना नमुना लावूच नका.

## टप्पा १०: इशारे आणि सराव

सुरुवातीला 3 इशारे पुरेत: उत्तर_अनिश्चित घटना 15 मिनिटांत मिटली नाही, लॉगची डिस्क 80 टक्के भरली, आणि शांतता. लिलावाच्या दिवशी सकाळी 9 ते 11 मध्ये एकही आवक नाही म्हणजे काहीतरी बंद पडलं आहे.

शांततेच्या इशाऱ्याला बाजार समितीच्या सुट्ट्यांची यादी जोडा आणि 'लिलाव बंद' असा हाताने लावायचा पर्यायही द्या. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद राहिले. असे दिवस कॅलेंडरमध्ये नसतात. पर्याय नसेल तर वैतागलेला माणूस इशाराच कायमचा बंद करतो. 'लिलाव बंद'ला मुदत ठेवा, 24 तासांनी तो आपोआप निघाला पाहिजे.

आता टप्पा १ चा कागद बाहेर काढा. त्यातला एक प्रश्न टीममधल्या सर्वांत नवीन माणसाला द्या आणि घड्याळ लावा. 10 मिनिटांत उत्तर आलं नाही तर तो कुठे अडला ते लिहून घ्या: परवानगी नव्हती, रकाना नव्हता, की नाव कळलं नाही. तेवढीच दुरुस्ती करा आणि पुढच्या महिन्यात दुसरा प्रश्न द्या. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. त्या वेळी लॉगचा पासवर्ड सुट्टीवर गेलेल्या एकाच माणसाकडे असेल तर चालणार नाही, म्हणून सरावाच्या दिवशी तोही किमान दोघांकडे चालतो का ते लॉग इन करून बघा.